आठवणींच्या सदरात आमच्या कॅसेटींनाही जागा द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे नव्वदच्या दशकातल्या गाण्यांवर सदर चालू आहे. मी ते नेमाने वाचतो, दोन-तीन कात्रणं दुकानाच्या काचेखाली ठेवली आहेत. पण मागच्या लेखात लेखकाने जाता जाता एक शेरा मारला, की तेव्हा गाणी माणसं करायची, नंतर मशीन करायला लागली आणि संगीतातला जीव गेला. पुढच्याच ओळीत त्यांनी वरातीतला डीजे आणि परदेशी टेक्नो (यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) एकाच दावणीला बांधून टाकले. या शेऱ्याबद्दल हे पत्र आहे. लांबलं तर कात्री लावा, पण मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांच्याबद्दलचा भाग तेवढा कापू नका.

माझं अमळनेरला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. आता त्यात इन्व्हर्टर, चार्जर आणि फवारणी पंपाच्या बॅटऱ्या येतात, पण तेव्हा टेपरेकॉर्डरची रांग असायची. बेल्ट सैल झाला, हेड घासलं, पिंच रोलरने टेप खाल्ली, असली कामं. जोडीला कॅसेटी भरून देणं. गिऱ्हाईक कागदावर गाणी लिहून आणायचं आणि आम्ही साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट भरून द्यायचो. (कॉपीराइटवाल्यांनी हा परिच्छेद वाचू नये.) कागदांवर बहुतेक हिंदी सिनेमाची गाणी, लग्नाची गाणी, भजनं. आणि मग केबल आली.

स्टार टीव्हीच्या डिशवर 1994 पर्यंत एमटीव्ही दिसायचं, त्यानंतर त्या जागी चॅनल व्ही आलं. त्या दोन-अडीच वर्षांत रात्री उशिरा जे कानावर पडलं ते आमच्या पिढीतल्या काही पोरांच्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. टेक्नोट्रॉनिकचं ‘पंप अप द जॅम’, स्नॅपचं ‘रिदम इज अ डान्सर’, टू अनलिमिटेडचं ‘नो लिमिट’, प्रॉडिजीचं ‘आउट ऑफ स्पेस’. मी टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून वायर काढून सरळ डेकला जोडली होती. आई मागच्या खोलीतून ओरडायची, “हाई काय लायेल शे रे? कोनी मशीन बिघडनी का?” प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या घरात असे आवाज बिघडलेल्या मशीनमधूनच यायचे.

प्रताप कॉलेजच्या पोरांना या कॅसेटींचा वास लागला. नावं कुणाला माहीत नसायची. “ते टुंई-टुंई वालं भरून द्या”, “ते बाई किंचाळते ते”. एक गंमत सांगतो, ती फक्त आमच्याकडच्या कॅसेटींची. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की माझ्या जुन्या डेकची मोटर किंचित हळू फिरायची. हळू फिरणाऱ्या मोटरवर भरलेली कॅसेट नीट चालणाऱ्या टेपवर लावली की गाणं पळतं आणि पट्टी चढते. त्यामुळे आमच्या पोरांनी जे ‘नो लिमिट’ पाठ केलं ते मूळ गाण्यापेक्षा जरा घाईतलं आणि जरा वरच्या सुरातलं होतं. पुढे मूळ गाणं इंटरनेटवर ऐकून त्यातल्या एकाने मला फोन करून तक्रार केली, की हे लोक आता हळू वाजवतात.

या तक्रारीवर मी हसलो खरा, पण नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की तिकडेही हाच प्रकार चालू होता, फरक इतकाच की ते मुद्दाम करत होते. इंग्लंडमधल्या 1991-92 च्या रेव्ह गाण्यांत, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या जमावांत वाजणाऱ्या गाण्यांत, बायकांचे आवाज चिमणीसारखे बारीक का येतात? कारण जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा साठवून हव्या त्या सुरात वाजवणाऱ्या यंत्रात) घेऊन तो वेग वाढवून वाजवलेला असतो. सॅम्पलरची मेमरी तेव्हा इतकी तुटपुंजी, की काही जण 33 ची रेकॉर्ड 45 वर फिरवून तुकडा घ्यायचे म्हणजे तो कमी जागेत मावायचा, आणि मग यंत्रात खाली ओढायचे. त्यात आवाज खरखरीत व्हायचा. ती खरखर हीच पुढे त्या संगीताची ओळख झाली. ‘आउट ऑफ स्पेस’मध्ये मधूनच जे संथ जमैकन गाणं लागतं ते मॅक्स रोमिओचं 1976 चं ‘चेस द डेव्हिल’. एसेक्समधल्या ब्रेनट्री गावच्या लियम हाउलेट नावाच्या पोराने रोलँडच्या डब्ल्यू-30 नावाच्या एका कीबोर्डवर घरी बसून हे जोडकाम केलं. ब्रेनट्री काही लंडन नव्हे. आमच्यासारखं गाव.

आता ‘मशीन करते’ या मुद्द्याकडे येतो, कारण मशीन हा माझा धंदा आहे.

लेखकाने ज्याला मशीन म्हटलं त्यातली तीन मुख्य यंत्रं जपानच्या रोलँड कंपनीची : टीआर-808, टीआर-909 आणि टीबी-303. पहिली दोन तालाची, तिसरं बेसचं. 303 हे एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून काढलं होतं. साथ भिकार निघाली. बेस गिटारसारखा आवाज त्यातून कधी आलाच नाही आणि सूर भरण्याची पद्धत इतकी किचकट, की लोकांनी नाद सोडला. 1984 मध्ये उत्पादन बंद. मग हे डबे सेकंडहँड बाजारात मातीमोल गेले, आणि म्हणून ते अशा पोरांच्या हाती पडले ज्यांना नवीन काही घेणं परवडत नव्हतं. शिकागोत फ्यूचर नावाच्या तिघांच्या गटाने असाच एक डबा घेतला आणि सूर वाजत असतानाच त्याची बटणं पिळायला सुरुवात केली. कट-ऑफचं बटण आवाजाचा वरचा भाग छाटतं, रेझोनन्सचं बटण छाटलेल्या कडेला किंचाळायला लावतं. दोन्ही एकदम फिरवलं की तो आवाज येतो, आमच्या पोरांचं टुंई-टुंई. 1987 मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ बाहेर आलं आणि त्या एका पिळण्यातून अॅसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला. सांगा, ही करामत मशीनची की बोटांची? मशीन बनवणाऱ्यांना स्वतःला तो आवाज अपेक्षित नव्हता.

808 ची कथा तर मला दुरुस्तीवाला म्हणून फार आवडते. तिच्या झांजेत आणि टाळीत जी सळसळ आहे ती सदोष ट्रान्झिस्टरमुळे. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच पुढे सांगितलं, की फेकून देण्याजोगे ठरलेले ट्रान्झिस्टर त्यांनी मुद्दाम वापरले. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणायचो तेव्हा सळसळ करणारा पीस दुकानदाराच्या तोंडावर परत मारायचो. आम्ही काय फेकत होतो हे आम्हालाही माहीत नव्हतं.

टेक्नोचा पाया घालणाऱ्या, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या त्रयीबद्दल थोडक्यात. वान अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावातल्या शाळेतले मित्र, तिघे कृष्णवर्णीय. अॅटकिन्स यांचा सायबोट्रॉन गट 1983 मध्ये ‘क्लिअर’ घेऊन आला, मे यांचं ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ 1987 चं, सॉन्डरसन यांच्या इनर सिटी गटाचं ‘बिग फन’ 1988 चं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये या मंडळींच्या गाण्यांचा एक संग्रह निघाला, त्याच्या नावातच टेक्नो हा शब्द होता, आणि तिथून तो जगभर झाला. यातलं काहीही त्या काळात अमळनेरला पोहोचलं नव्हतं. आमच्यापर्यंत आलं ते युरोपातलं गोड, गाता येण्याजोगं नाचाचं संगीत. डेट्रॉइट आम्ही चाळिशीत ऐकलं.

आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे, जी आपल्या सदराच्या लेखकांनी कधी तपासली नाही. ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ मी पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं. त्यात बेस नाहीच. पियानोचे तुकडे, वर तंतुवाद्यांसारखे झटके, खाली 909. ऐकताना मला 1992 सालचं दुकान आठवलं, सोल्डरचा वास आठवला, जरी ते गाणं त्या दुकानात कधी वाजलं नव्हतं. आमचा सात-आठ जणांचा एक ग्रुप आहे : एक धुळ्याला बँकेत, एक चोपड्याला शेती करतो, दोघे पुण्याला, एक रेल्वेत. सगळ्यांचं हेच. ऑर्बिटलचं ‘चाइम’ लागलं की चोपड्याचा गडी म्हणतो, कॉलेजचे दिवस आठवले. अरे बाबा, कॉलेजात तू हे ऐकलंच नव्हतंस! पण त्याचं म्हणणं असं, की कॉलेजात जे ऐकलं त्याची ही आई आहे, लेकीचा चेहरा आईत दिसणारच. मला हे पटतं. आपण जे हरवलं म्हणतो ते नेहमी आपल्याकडे असलेलंच असतं असं नाही.

‘चाइम’बद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आमच्या ग्रुपमध्ये ते देवघरात आहे. ऑर्बिटल हा हार्टनॉल आडनावाच्या दोन भावांचा गट. गाणं केलं घरातल्या जिन्याखाली, आणि मास्टर, म्हणजे मूळ प्रत, म्हणून ध्वनिमुद्रण केलं ते वडिलांच्या कॅसेट डेकवर. कॅसेट डेकवर! ते 1989 च्या शेवटी बाजारात आलं, 1990 मध्ये मोठ्या कंपनीने पुन्हा काढलं आणि ते ब्रिटनच्या पहिल्या विसात पोहोचलं. गटाचं ऑर्बिटल हे नाव लंडनभोवतीच्या एम-25 या चक्राकार रस्त्यावरून, कारण त्या रस्त्याच्या आसपासच्या शेतांत आणि गोदामांत रात्रीचे हे नाच भरायचे. त्या गाण्यात अजूनही टेपची बारीक शिसशिस आहे. मधल्या काळात अशा गाण्यांच्या घासूनपुसून काढलेल्या नव्या प्रती आल्या. आमच्यातले पुणेकर त्या विकत घेतात. मला त्या आवडत नाहीत. भिंतीला पुट्टी मारावी तसा सगळा आवाज सपाट करून ठेवलाय, हळू भाग आणि मोठा भाग एकाच उंचीचे.

आमच्यातही भांडणं आहेत, हे सांगायला हवं, नाहीतर वाटेल आम्ही सगळे भाबडे. एकाच्या मते 1992 नंतर काही ऐकण्यासारखं झालंच नाही. हे मला मान्य नाही, ही म्हातारपणाची लक्षणं आहेत. दुसरा टू अनलिमिटेडचं नाव काढलं की नाक मुरडतो आणि जोई बेल्ट्रमचं ‘एनर्जी फ्लॅश’ ऐकवतो. ते 1990 चं, बेल्जियमच्या आर अँड एस कंपनीने काढलेलं, आणि निःसंशय भारी आहे. पण ‘नो लिमिट’वर नाचूनच तू इथवर आलास हे त्याने विसरू नये. 2019 च्या मार्चमध्ये प्रॉडिजीचा कीथ फ्लिंट गेला तेव्हा मात्र कुणी वाद घातला नाही. रेल्वेतल्या मित्राने ड्युटी संपल्यावर फक्त ‘एक्सपीरियन्स’ अल्बमची यादी टाइप करून पाठवली.

आता चरणजीत सिंग. मुंबईचे वादक, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे, आर. डी. बर्मन यांच्याकडेही वाजवलेले. 1982 मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. यमन, मेघ मल्हार, मालकंस. यंत्रं कोणती? रोलँड ज्युपिटर-8, टीआर-808 आणि तेच टीबी-303. शिकागोच्या पोरांच्या रेकॉर्डआधी पाच वर्षं. राग वर फिरतो आणि खाली 303 सरकत राहतं, थेट अॅसिड हाउससारखं, फक्त त्या शब्दाचा जन्म व्हायचा होता. रेकॉर्ड चालली नाही. एका डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या मालात सापडली, 2010 मध्ये त्याने पुन्हा काढली आणि तेव्हा युरोपातली नाचणारी पोरं चक्रावली. उतारवयात चरणजीतजींना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले. शिकागोवाल्यांनी त्यांचं ऐकलं होतं असं कुणी म्हणू नये, तसा काही संबंध नाही. पण ‘हे सगळं बाहेरचं, आपलं नाही’ असं लिहिण्याआधी मालकंस तरी ऐकावा. आपल्या सदरात त्यांच्यावर एक ओळ आली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

डीजेबद्दल. मी स्वतः डीजेच्या भिंतीच्या विरोधात आहे. हळदीच्या रात्री आमच्या गल्लीत ट्रकवर लावलेली भिंत वाजते तेव्हा माझ्या दुकानाचं शटर थरथरतं, समोरच्या आजोबांना छातीत धडधडतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे आणि तो पाळला जावा. पण तो प्रश्न आवाजाच्या मापाचा आहे, गाण्याच्या प्रकाराचा नाही. त्या भिंतीवर ‘सनई’ लावली तरी शटर थरथरेल. तसंच रेव्ह म्हटलं की गोळ्या आणि पोलीस. ती बाजू खरी आहे, तिने इंग्लंडात जीवही गेले, आम्ही कुणी तिचे गोडवे गात नाही. अमळनेरला आम्ही चहावर नाचलो.

उरला तो एकसुरीपणाचा आक्षेप, की तासन्तास तोच ठेका. ब्रिटनच्या सरकारला तर त्याची एवढी धास्ती वाटली, की 1994 च्या कायद्यात रात्रीच्या अशा जमावांचं संगीत म्हणजे काय हे लिहिताना त्यांनी एकामागून एक येणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचा उल्लेख केला. ठोक्यांवर कायदा! हे वाचून मला आपल्या सातपुड्यातली होळी आठवली. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्याने पाहिली आहे त्याला विचारा. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरू बांधलेले बावा-बुध्या, गावंच्या गावं रिंगणात, आणि पहाटे होळी पेटेपर्यंत ठेका सुटत नाही. तिथे कुणी म्हणत नाही की बुवा, चाल बदला. नवापूर-नंदुरबारकडे टिमली या आदिवासी नाचाच्या संगीतावर पोरं नाचतात तेव्हा कीबोर्डवरचा तो तुकडाही तसाच फिरत राहतो. ठेका बदलत नाही म्हणूनच नाचणारा त्यात उतरतो. बारीक फरक मग ठळक होतात. टेक्नो करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. खानदेशातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

जर्मनीने 2024 मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती आपल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. बर्लिनची भिंत पडल्यावर ओस पडलेल्या इमारतींत ती वाढली. त्यातला ट्रेझर हा क्लब 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या तळघरात सुरू झाला. आपण लगेच तसं काही करावं असं मी म्हणत नाही. एक लेख पुरे.

आणि वाचकांसाठी एक विनंती आपण छापावी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात जातात. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टी होतो, कॅसेटचं कवच वाकतं, आणि पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका, हेडही जाईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, मग लावा. आतली फेल्टची गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो, कॅसेट खराब झाली असं समजून फेकू नका, दुसऱ्या कॅसेटची गादी बसते. आवाज कुंद वाटला तर हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहा, पण फिरवण्याआधी त्याची जागा खुणेने टिपून ठेवा. विकतच्या सिनेमाच्या कॅसेटींची मला चिंता नाही, ती गाणी कुठेही मिळतील. गावोगावी हाताने भरलेल्या, कागदावर निळ्या शाईत भलतीसलती नावं लिहिलेल्या ज्या आहेत, त्या ठेवा. माझ्याकडे दोन चालू डेक आहेत. अमळनेर परिसरातल्या कुणी आणून दिल्या तर मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये देईन, पैसे नकोत. वेग मात्र मूळ गाण्याशी जुळवून देणार नाही, जशा भरल्या तशाच देईन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अमळनेर

(नाव छापू नये. व्याही आपलाच पेपर घेतात आणि त्यांना मी भजनाचा माणूस वाटतो.)